आजारपणाची रजा आणि १९४८चे तीन कायदे

कामगाराच्या हजेरीपुस्तकात 'खाडा' नावाचा एक शब्द असतो. अमुक दिवशी हा माणूस कामावर आला नाही, एवढेच तो शब्द सांगतो. का आला नाही, हे सांगत नाही. तो गावी गेला होता, लग्नाला गेला होता की तापाने फणफणून खोलीत पडला होता, याचे हजेरीपुस्तकाला सोयरसुतक नसते. महिनाअखेरीस मजुरी हातात घेताना मात्र घरातल्या माणसांना हा फरक चांगलाच कळतो. तापातल्या दिवसाची मजुरी मिळणार की कापली जाणार, आणि मिळणार असेल तर ती कोणी द्यायची, हा प्रश्न आपल्या देशात जवळजवळ शंभर वर्षे चर्चेत आहे. त्याच्या पोटात दुसरा एक प्रश्न दडलेला आहे आणि त्याच्याविषयी फारसे बोलले जात नाही. ही रजा द्यायची की नाही, हे ठरवायचे कोणी? गावाने, शहराने, राज्याने की दिल्लीने? आणि वरच्याने एकदा ठरवले, की खालच्याला त्याहून अधिक देण्याची मुभा उरते का? आज आपण या दुसऱ्या प्रश्नाचा इतिहास पाहणार आहोत.

प्रश्न कायद्याच्या पुस्तकातला वाटेल. म्हणून तो एका गावात नेऊन पाहू. पश्चिम रेल्वेने विरारच्या पुढे उत्तरेकडे निघालो, की पालघर येते, मग उमरोळी आणि मग बोईसर. बोईसरच्या पश्चिमेला समुद्राकाठी तारापूर. तिथे १९६९ साली देशातले पहिले अणुवीज केंद्र सुरू झाले. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे आपली एमआयडीसी, त्याआधी १९६२ मध्ये स्थापन झालेली होती. तिने पुढे बोईसरजवळ औद्योगिक वसाहत उभारली. वसाहतीला नाव मिळाले तारापूरचे, पण माणसांची ये-जा बोईसर स्टेशनवरून. सालवड, सरावली, कोलवडे, कुंभवली, पास्थळ ही भोवतालची गावे. रसायने, औषधे, रंग, कापडावरची प्रक्रिया, पोलाद असे नाना प्रकारचे कारखाने इथे आले. स्थानिक आदिवासी, आगरी, कुणबी, मांगेला कुटुंबांतली मुले कामाला लागली आणि उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेल्या माणसांनी चाळींतल्या खोल्या भरल्या. २०१४ मध्ये ठाणे जिल्हा विभागून पालघर जिल्हा झाला, तेव्हा ही वसाहत नव्या जिल्ह्याचा आर्थिक आधार म्हणून ओळखली जात होती.

आता अशी कल्पना करा, की पावसाळ्यात बोईसरला तापाची साथ आली आहे आणि एकाच आळीतली पाच माणसे अंथरुणाला खिळली आहेत. पहिला जिल्हा परिषदेच्या शाळेतला शिक्षक. त्याला सेवानियमांप्रमाणे अर्धपगारी रजा आहे आणि डॉक्टरांचा दाखला दिला तर ती पूर्ण पगाराच्या परिवर्तित रजेत बदलून घेता येते. दुसरा एका मोठ्या कारखान्यातला कायम कामगार. तिथल्या युनियनने मालकाशी करार करून वर्षाला काही दिवस आजारपणाची पगारी रजा मिळवली आहे. तिसरा त्याच कारखान्यात ठेकेदाराकडून आलेला हेल्पर. त्याच्याकडे करार नाही, ईएसआयचे, म्हणजे राज्य कामगार विमा योजनेचे कार्ड आहे. चौथा पंचवीस हजार रुपये पगाराचा सुपरवायझर. त्याचा पगार ईएसआयच्या मर्यादेच्या वर गेल्यामुळे तो योजनेबाहेर आहे, आणि कंपनीने आपण होऊन काही दिले तरच त्याला मिळणार. पाचवा स्टेशनाजवळच्या चार माणसांच्या दुकानातला नोकर. त्याला मालकाच्या मर्जीखेरीज काही नाही. ताप एकच, डास एकच, पण पाच माणसांना पाच वेगळे नियम. हे असे का झाले, ते समजून घ्यायचे तर गिरण्यांच्या मुंबईत जावे लागेल.

१९२०च्या दशकात मुंबईच्या कापड गिरण्यांत दीड लाखाच्या आसपास माणसे काम करत होती. त्या काळात कामगार आजारी पडला, की त्याच्या जागी बदली कामगार उभा राही. गिरणीच्या दाराशी रोज सकाळी बदलीवाल्यांची रांग लागलेली असे आणि कोणाला आत घ्यायचे हे जॉबर ठरवी. आजारी माणसाची मजुरी जाई ती जाईच. पण बरा होऊन परत आल्यावर आपला माग आपल्याला मिळेल याचीही खात्री नसे. त्यामुळे माणसे अंगात ताप घेऊन कामावर येत. क्षयाने खंगलेली माणसे शेवटपर्यंत साच्यावर उभी राहत. आजारपणाची रजा म्हणजे तेव्हा गावची वाट, आणि गावची वाट म्हणजे सावकार.

१९२७ साली जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने आजारपणाच्या विम्याविषयी करार संमत केले. भारताने त्यांना मान्यता दिली नाही. पण प्रश्न टेबलावर आला. कामगारांच्या वतीने तो धरून ठेवणाऱ्यांत नारायण मल्हार जोशी होते. कुलाबा जिल्ह्यातल्या गोरेगावचा हा माणूस. मुंबईत सोशल सर्व्हिस लीग उभी करणारा आणि पुढे १९२० मध्ये आयटकच्या स्थापनेत पुढाकार घेणारा. त्यांनी १९२४ मध्ये केंद्रीय विधिमंडळात प्रसूतिकाळातील लाभाचे विधेयक मांडले होते. ते फेटाळले गेले. दिल्लीचे दार बंद झाले, म्हणून विषय मुंबई प्रांतात आला. १९२८ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात तसेच विधेयक आले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेव्हा त्या सभागृहात होते आणि त्यांनी त्याला पाठिंबा दिला. बाईला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर विश्रांती मिळणे हे साऱ्या समाजाच्या हिताचे आहे, आणि म्हणून या खर्चाचा भार सरकारनेही उचलला पाहिजे, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. १९२९ मध्ये मुंबईचा कायदा झाला. देशातला त्या प्रकारचा तो पहिला कायदा.

इथे थोडे थांबू. दिल्लीने नाकारलेली गोष्ट मुंबईने केली. मुंबईचे पाहून इतर प्रांतांनीही असे कायदे केले. पुढे १९६१ मध्ये संसदेने सर्व देशासाठी प्रसूतिलाभ कायदा केला, त्यात बारा आठवडे मिळाले. २०१७च्या दुरुस्तीने ते सव्वीस आठवडे झाले. म्हणजे खालच्या पातळीवर सुरुवात झाली आणि वरच्या पातळीने ती उचलून सर्वांपर्यंत नेली. महाराष्ट्राच्या रोजगार हमीचेही असेच झाले. १९७२च्या दुष्काळात सुरू झालेल्या कामांना १९७७ मध्ये राज्याने कायद्याचे रूप दिले आणि २००५ मध्ये केंद्राने ग्रामीण रोजगाराचा देशव्यापी कायदा केला. खालून वर जाणारी ही वाट आपल्या ओळखीची आहे. आजारपणाच्या रजेची वाट मात्र वेगळ्या वळणाने गेली.

१९३१ मध्ये व्हिटली आयोगाने, म्हणजे कामगारविषयक शाही आयोगाने, आजारपणाच्या विम्याची गरज मान्य केली आणि त्यासाठी आधी आकडेवारी जमवावी असे सुचवले. १९३५च्या कायद्याने आरोग्यविमा हा विषय केंद्र आणि प्रांत यांच्या सामायिक यादीत घातला. १९३७ मध्ये बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ मुंबईत आले. त्याच्या कामगार धोरणात आजारपणातील पगारी रजेचा विचार होता, आजार-विम्याकडे जाण्याची पहिली पायरी म्हणून. त्याच सरकारने १९३९ मध्ये दुकाने आणि आस्थापनांसाठी देशातला पहिला कायदा केला. आजारपणाच्या रजेचा विचार मात्र कायद्यापर्यंत पोचला नाही. १९३९च्या नोव्हेंबरात मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि युद्ध सुरू झालेलेच होते.

पण राजीनामा हे एकच कारण नव्हते. एका प्रांताने हा खर्च गिरण्यांवर घातला तर काय होईल, हा प्रश्न मालक विचारत आणि सरकारलाही तो भेडसावत असे. मुंबई प्रांताच्या कडेलाच संस्थाने होती. बडोदे, इंदूर, कोल्हापूर इथे गिरण्या होत्या आणि ब्रिटिश हिंदुस्थानातले कामगार कायदे तिथे लागू नव्हते. मुंबईत खर्च वाढला तर भांडवल सीमेपलीकडे जाईल, ही भीती निव्वळ कांगावा नव्हती. म्हणून कायदा करायचाच तर तो सर्वांसाठी एकदम करा, असे म्हणणे पुढे आले. गंमत अशी, की हे म्हणणे दोन्ही बाजूंना सोयीचे होते. कामगारांच्या बाजूने बोलणाऱ्याला त्यातून देशव्यापी हक्क दिसत होता. ज्याला काहीच नको होते त्याला त्यातून लांबणीवर टाकण्याचे निमित्त मिळत होते.

१९४२ मध्ये डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. त्यांच्या कारकिर्दीत, १९४३ च्या मार्चमध्ये, प्रा. बी. पी. आदरकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आखण्याचे काम सोपवले गेले. आदरकरांनी १९४४ च्या ऑगस्टमध्ये अहवाल दिला. मालक आणि कामगार दोघांनी वर्गणी भरायची, सर्व पैसा एका निधीत जमा करायचा आणि आजारी पडणाऱ्याला त्यातून उपचार आणि रोख रक्कम द्यायची, ही त्यामागची कल्पना. यात एक शहाणपण होते. आजारी कामगाराचा खर्च एकट्या मालकावर पडला तर मालक धडधाकट माणसेच निवडेल आणि दुखणेकऱ्याला दारातूनच परत पाठवेल. खर्च साऱ्या उद्योगांवर पसरला, की ही भीती राहत नाही. पण निधी जेवढा मोठा तेवढा भक्कम, आणि म्हणून तो देशाचा एकच हवा. अशा रीतीने आजारपणाची रजा प्रांताच्या हातून निघून दिल्लीच्या हाती गेली.

मग आले १९४८ साल. या एका वर्षात तीन कायदे झाले. बोईसरच्या त्या पाच तापकऱ्यांतल्या चौघांचे नशीब याच तीन कायद्यांत लिहिलेले आहे. तिन्ही कायदे कामगारांच्या भल्याचेच होते. पण 'खालच्याला जास्त देता येईल का' या प्रश्नाला तिघांनी तीन वेगळी उत्तरे दिली.

पहिला, कारखाने कायदा. त्यात आजारपणाची वेगळी रजा नव्हतीच. वर्षात २४० दिवस काम केलेल्याला दर वीस दिवसांमागे एक दिवस पगारी रजा मिळे. या रजेसाठी पंधरा दिवस आधी अर्ज करावा लागे. पण आजारपणासाठी ती हवी असेल तर मुदतीत अर्ज केला नाही तरी ती द्यावी, अशी माणुसकीची तरतूद त्यात होती. त्याहून महत्त्वाचे होते ७८ वे कलम. दुसऱ्या एखाद्या कायद्याने, निवाड्याने किंवा कराराने कामगाराला याहून जास्त रजा मिळत असेल तर ती तशीच चालू राहील, असे ते सांगत होते. म्हणजे कायद्याने फक्त किमान ठरवले. कमाल ठरवले नाही.

तरीही वाद झालाच. बडोद्याच्या अलेंबिक केमिकल वर्क्समधल्या कामगारांना औद्योगिक न्यायाधिकरणाने कायद्याहून जास्त रजा दिली. कारखाने कायद्याने रजेविषयी जे सांगायचे ते सगळे सांगितले आहे, त्याउपर कोणाला काही वाढवता येणार नाही, अशी कंपनीची भूमिका होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायमूर्ती प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर यांनी निकाल लिहिला. साताऱ्याच्या संस्कृत पंडितांच्या घराण्यातला हा न्यायाधीश, पुढे भारताचा सरन्यायाधीश झाला. १९६१च्या निकालपत्रांत छापलेल्या या निर्णयात त्यांनी कंपनीचे म्हणणे नाकारले. कायद्याने रजेची किमान पातळी घातली आहे. परिस्थिती पाहून त्याहून अधिक देण्याचा न्यायाधिकरणाचा अधिकार त्याने काढून घेतलेला नाही, असा त्या निकालाचा सारांश. आज बोईसरच्या मोठ्या कारखान्यातला कायम कामगार करारातून जास्त रजा मिळवू शकतो, त्यामागे हा विचार आहे.

दुसरा कायदा कामगार राज्य विम्याचा, म्हणजे ईएसआयचा. १९५२ च्या २४ फेब्रुवारीला कानपूर आणि दिल्लीत तो प्रत्यक्ष लागू झाला. कानपूरला पंडित नेहरूंच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. मुंबईला तो १९५४ मध्ये आला. एकेका भागाला अधिसूचना काढून लागू करायचा, अशी त्याची रीत. आरंभी तो वीस किंवा अधिक माणसांच्या, विजेवर चालणाऱ्या बारमाही कारखान्यांना होता आणि महिना चारशे रुपयांपर्यंत मजुरी असलेल्यांनाच होता. आजारी पडल्यास वर्षात ५६ दिवसांपर्यंत निम्म्याच्या आसपास मजुरी मिळे. या कायद्याने गिरणगावात किती घरे तारली, हे परळच्या महात्मा गांधी स्मारक रुग्णालयात उपचार घेतलेल्या जुन्या कामगारांना विचारावे. विमा डॉक्टरांच्या दवाखान्यातला औषधांचा वास त्या पिढीच्या आठवणीत पक्का आहे.

आज या योजनेत आजारपणाचा लाभ वर्षाला ९१ दिवसांपर्यंत, सरासरी मजुरीच्या ७० टक्के दराने मिळतो. क्षयासारख्या ३४ दीर्घ आजारांसाठी तो ८० टक्के दराने दोन वर्षांपर्यंत वाढवता येतो. २०१९च्या जुलैपासून कामगाराची वर्गणी मजुरीच्या पाऊण टक्का आणि मालकाची सव्वातीन टक्के आहे. आजारपणाचा लाभ चालू असताना कामगाराला कामावरून काढता येत नाही, ही त्यातली सर्वांत मोलाची तरतूद. जॉबरच्या काळातली ती धास्ती कायद्याने पुसून टाकली.

पण हिशेब मांडून पाहिला, की फटी दिसतात. आपल्या ठेकेदारी हेल्परची रोजची सरासरी मजुरी पाचशे रुपये धरू. तो दहा दिवस तापाने आजारी पडला. पहिले दोन दिवस लाभ नाही, असा नियम आहे. उरलेल्या आठ दिवसांचे रोज ३५० प्रमाणे २,८०० रुपये. कामावर असता तर दहा दिवसांचे ५,००० झाले असते. आणि ताप दोनच दिवसांचा असेल तर? तर हाती शून्य. त्यातही, सहा महिन्यांच्या वर्गणी-काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. आणि योजनेत नव्याने आलेल्याला औषधोपचार लगेच मिळतो, पण रोख लाभ साधारण नऊ महिने लोटल्यावरच सुरू होतो. ठेकेदाराने नाव नोंदवले नाही, किंवा मध्येच खंड पाडला, तर तेही नाही. वर २१ हजारांची मर्यादा आहे. ती २०१७ मध्ये ठरली. आपला चौथा तापकरी, तो सुपरवायझर, त्याच मर्यादेने बाहेर फेकला गेला आहे.

मग मधल्या या फटी दुसऱ्या कोणी बुजवाव्यात ना? इथे ईएसआय कायद्याचे ६१ वे कलम आडवे येते. या कायद्याखाली एखादा लाभ मिळत असेल, तर तशाच प्रकारचा लाभ दुसऱ्या कोणत्याही कायद्याखाली मिळणार नाही, असे ते सांगते. कारखाने कायद्याच्या ७८ व्या कलमाने दार उघडे ठेवले; ईएसआयच्या ६१ व्या कलमाने कडी घातली. याच कायद्याच्या ५३ व्या कलमात कामावरील अपघातासाठी अशीच कडी आहे. विमाधारक कामगाराला अपघाताची भरपाई ईएसआयकडूनच मिळेल, नुकसानभरपाईच्या जुन्या कायद्याखाली त्याला मागणी करता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये दिला. कायद्याचा हेतू वाईट नव्हता. एकाच दुखण्याचे दोनदा पैसे कोणी घेऊ नयेत, आणि दोनदा खर्च पडेल या भीतीने मालकांनी विरोध करू नये, हा त्यामागचा विचार. पण १९५० च्या नियमांत आणखी एक गोष्ट आली. कारखान्यात पूर्वीपासून अर्ध्या पगाराची आजारपणाची रजा दिली जात असेल, तर ईएसआय लागू झाल्यावर ती मालकाला पूर्णपणे बंद करता येईल. म्हणजे देशाचा कायदा आला, की कारखान्याने स्वतःहून चालवलेली सवलत काढून घेता येऊ लागली. पूर्ण पगाराच्या रजेला मात्र या नियमाने हात लावला नाही, आणि करारातून ती मिळवणे शक्य राहिले.

तिसरा कायदा मुंबई दुकाने व आस्थापना कायदा. त्याने आणखी वेगळी वाट धरली. त्याची अंमलबजावणी करणे हे त्याने स्थानिक स्वराज्य संस्थांचे कर्तव्य ठरवले. मुंबईत महापालिकेचे निरीक्षक दुकाने उघडण्याच्या आणि बंद करण्याच्या वेळा तपासत फिरत, ते याच कायद्याने. राज्याची मंजुरी घेऊन पोटनियम करण्याचा अधिकारही त्याने या संस्थांना दिला. अट एकच, ते पोटनियम मूळ कायद्याशी विसंगत नसावेत. थोडक्यात, काम शहराचे, मर्यादा राज्याची. आपल्याकडे कामगारांच्या प्रश्नात स्थानिक संस्थेला एवढी जागा क्वचितच मिळाली. आजारपणाची स्वतंत्र रजा मात्र या कायद्यात नव्हती. तमिळनाडू, दिल्ली अशा राज्यांच्या दुकान कायद्यांनी वर्षाला बारा दिवसांपर्यंत आजारपणासाठी वापरता येईल अशी रजा दिली. आपल्याकडे २०१७ मध्ये नवा कायदा आला तेव्हा आठ दिवसांची किरकोळ रजा मिळाली. तीही दहा किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी. २०२५ मध्ये राज्य सरकारने अध्यादेश काढून ही मर्यादा वीसवर नेली. चार माणसांच्या दुकानातला आपला पाचवा तापकरी तेव्हाही बाहेर होता आणि नंतरही बाहेरच राहिला.

आता कोणी विचारील, की बोईसरच्या ग्रामसभेने किंवा पालघरच्या नगरपरिषदेने ठराव करून आपल्या हद्दीतल्या कामगारांना आजारपणाचे पाच दिवस द्यायला लावले तर? उत्तर सरळ आहे. त्यांना तो अधिकार नाही. १९९३ पासून लागू झालेल्या घटनादुरुस्त्यांनी पंचायतींसाठी २९ आणि नगरपालिकांसाठी १८ विषयांची यादी केली. पाणी, रस्ते, दिवाबत्ती, आरोग्य, लघुउद्योग असे बरेच काही त्यांत आहे. कामगारांच्या सेवाशर्ती नाहीत. त्या घटनेच्या समवर्ती सूचीत आहेत, म्हणजे संसद आणि विधिमंडळ दोघांनाही त्यावर कायदे करता येतात. दोघांच्या कायद्यांत विरोध आला तर २५४ व्या कलमाप्रमाणे संसदेचा कायदा वरचढ ठरतो. राज्याच्या कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली असेल, तर तेवढ्या राज्यापुरता तो चालतो. एक छोटी खिडकी राज्याला ठेवलेली आहे, गावाला नाही.

हा ताण आपल्याच देशातला आहे असे नाही. अमेरिकेत देशपातळीवर आजारपणाच्या पगारी रजेचा सर्वसाधारण कायदा नाही. म्हणून तिथे शहरांनी पुढाकार घेतला. सॅन फ्रान्सिस्कोच्या मतदारांनी २००६ मध्ये अशी रजा मंजूर केली. २००८ मध्ये विस्कॉन्सिन राज्यातल्या मिलवॉकी शहरात मतदान झाले आणि दहांतल्या जवळजवळ सात मतदारांनी होकार दिला. मालकांची संघटना न्यायालयात गेली, तिथे शहराच्या बाजूने निकाल लागला. पण २०११ मध्ये राज्याने कायदा करून शहरांना असे नियम करण्यालाच मनाई केली. राज्यभर एकच नियम हवा, हे त्याचे कारण सांगितले गेले. नियम एकच झाला खरा. तो म्हणजे कोणालाच सक्तीची रजा नाही. त्याच २०११ मध्ये कनेटिकट राज्याने मात्र उलट केले. शहरांच्या मागणीची दिशा ओळखून राज्यासाठीच आजारपणाच्या पगारी रजेचा कायदा केला. त्यानंतर दहाहून अधिक राज्ये त्या वाटेने गेली, आणि बऱ्याच राज्यांनी विस्कॉन्सिनसारखी कडीही घातली. 'सर्वांना एक नियम' या शब्दांचे दोन अर्थ होऊ शकतात, ते असे.

एका नियमाची बाजूही नीट ऐकून घेतली पाहिजे. बोईसरहून गाडीने उत्तरेला वाणगाव, डहाणू, घोलवड, बोर्डी रोड ही स्थानके ओलांडली, की महाराष्ट्र संपतो. पुढे उंबरगाव आणि वापी, दोन्हीकडे गुजरातच्या औद्योगिक वसाहती. तारापूरच्या उद्योजकाने 'खर्च वाढला तर वापीला जाऊ' असे म्हटले, तर ते १९३८ मध्ये बडोद्याचे नाव घेणाऱ्या गिरणीमालकाच्याच चालीवरचे म्हणणे असते. एका वसाहतीपुरता वेगळा नियम टिकणे कठीण, हे खरेच आहे. छोट्या कारखानदाराने पाच गावांचे पाच नियम कसे पाळायचे, हाही रास्त सवाल आहे. देशाचा एक निधी नसता, तर क्षयाच्या रुग्णाला दोन वर्षे मजुरी देणे कोणत्याही एका गावाला किंवा कारखान्याला परवडले नसते. वरून आलेल्या कायद्याचे हे ऋण नाकारता येणार नाही.

पण वरच्या नियमातून जे सुटते त्याची किंमत मोजावी लागते ती खालीच. तारापूरसारख्या ठिकाणी ती केवळ पैशाची नसते. २०१८ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या औद्योगिक क्षेत्रांचे मूल्यमापन केले, तेव्हा प्रदूषणात तारापूर सर्वांच्या वर होते. अशा हवेत राहणाऱ्या माणसाच्या खोकल्याला कोणता दाखला पुरेल? आणि दोन दिवसांची मजुरी बुडेल म्हणून जो अंगात ताप घेऊन रसायनाच्या रिॲक्टरजवळ उभा राहतो, ज्याला भोवळ येते, ज्याचा हात चुकीच्या व्हॉल्व्हवर पडू शकतो, तो फक्त स्वतःला धोक्यात घालत नाही. शेजारी उभ्या असलेल्या माणसालाही घालतो. पहिले दोन दिवस बिनपगारी, हा नियम १९४८ मध्ये खोटी दुखणी टाळण्यासाठी केला गेला. तो करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर कापड गिरणी होती. रसायनाचा कारखाना नव्हता.

२०२५च्या २१ नोव्हेंबरला चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. कारखाने कायदा आणि ईएसआय कायदा त्यांत सामावले गेले. पगारी रजेसाठी २४० दिवसांची अट १८० दिवसांवर आली. केंद्र सरकार अधिसूचित करील अशा धोकादायक व्यवसायात एकच कामगार असला तरी ईएसआय लागू करण्याची सोय झाली. तारापूरच्या दृष्टीने ही तरतूद महत्त्वाची ठरू शकते. ईएसआयची मूळ चौकट मात्र तीच राहिली. आजारपणाची स्वतंत्र पगारी रजा सर्वांना मिळावी, हा खेर मंत्रिमंडळाच्या काळातला विचार अजून कायद्याच्या पुस्तकात उतरलेला नाही.

म्हणून १९४८च्या त्या तीन कायद्यांकडे पुन्हा पाहावेसे वाटते. एकाच वर्षी, एकाच देशात, कामगारांचे भले चिंतणाऱ्या माणसांनी तीन उत्तरे दिली. ईएसआयने सर्वांचा भार एकत्र बांधला, ते योग्यच केले. एकट्या गावाला ते जमले नसते. पण भार एकत्र बांधणे आणि त्याच्या वर कोणी काही देऊ नये म्हणून कडी घालणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली करताना दुसरी करावीच लागते असे नाही. गजेंद्रगडकरांनी अलेंबिकच्या निकालात रजेपुरते हेच दाखवून दिले. दिल्लीने किमान ठरवावे. राज्याने, करारांनी आणि जमेल तिथे स्थानिक संस्थांनी त्यात भर घालावी. आज राज्याकडे राष्ट्रपतींच्या संमतीची खिडकी आहे. पहिल्या दोन दिवसांची मजुरी धोकादायक उद्योगांपुरती तरी द्यावी, अशी मागणी त्या खिडकीतून करता येईल. कामगार संघटनांना करारात ठेकेदारी कामगारांचा समावेश करून घेता येईल. ग्रामसभेला कायदा करता येत नाही. पण मुंबईच्या कायदेमंडळात १९२८ मध्ये आलेला विषय आधी गिरणगावातच कोणीतरी बोलला होता.

आणि ज्यांच्या खिशात ईएसआयचे कार्ड आहे त्यांनी एवढे तरी पाहावे, की दर महिन्याला आपली वर्गणी भरली जाते आहे की नाही. आजारी पडल्यावर ते तपासायला जाणे म्हणजे पाऊस सुरू झाल्यावर कौले शोधणे आहे.